ट्राबांट गाडी खरंच पुठ्ठ्याची होती का?

"पूर्व जर्मनीची ट्राबांट पुठ्ठ्याची होती, पावसात भिजली की लगदा" असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. तसं नाहीये.

१९५७ ते १९९१ मध्ये झ्विकाऊ शहरात ३० लाखांच्या वर ट्राबांट बनल्या. तिकडे स्टीलच्या पत्र्याची टंचाई होती, म्हणून बाहेरच्या पॅनलना ड्युरोप्लास्ट वापरलं, म्हणजे कापसाचे वाया गेलेले तंतू आणि फिनॉलिक रेझिन, हे गरम प्रेसमध्ये दाबलं की कडक होतं, पाण्यात विरघळत नाही आणि गंजत तर नाहीच. आतला सांगाडा मात्र स्टीलचा, आणि मालकांची खरी डोकेदुखी तोच, वरून गाडी चकाचक आणि खाली गंजलेली. पॅनल तुटलं की कडेला धागे दिसतात, ते बघून कुणालाही पुठ्ठाच वाटेल.

चेक करायला लोहचुंबक पुरे. मडगार्डला चिकटणार नाही, खालच्या सांगाड्याला लगेच चिकटेल. मग तुटक्या पॅनलचा तुकडा मिळाला तर रात्रभर पाण्यात ठेवा, पुठ्ठा सकाळी मऊ पडतो, हा तसाच कडक राहतो. टू-स्ट्रोकचा निळा धूर आणि गाडीसाठी १०-१० वर्षं वेटिंग, या तक्रारी मात्र शंभर टक्के खऱ्या.