सुट्टीतली पंगत: एपिस्कोपल पॅरिशच्या उन्हाळी उपक्रमांची पार्श्वभूमी

जून लागला की अमेरिकेतल्या बहुतेक एपिस्कोपल पॅरिशचा, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या एपिस्कोपल चर्चच्या स्थानिक मंडळींचा, दिनक्रम बदलतो. रविवारच्या दोन उपासनांची एकच होते, गायकवृंद सुट्टीवर जातो, रेक्टर, म्हणजे पॅरिशचे मुख्य पाळक, गावाला गेले की बदली पाळक येतात. नेहमीची मंडळी समुद्रावर किंवा डोंगरात गेलेली असते. त्याच आठवड्यांत खालच्या हॉलमध्ये मात्र भलतीच वर्दळ असते. सकाळी सुट्टीची बायबल शाळा, दुपारी वस्तीतल्या पोरांचं जेवण, ऑगस्टच्या शेवटी शाळेच्या दप्तरांवर आशीर्वाद आणि सोबत वह्या-पेन्सिलींचं वाटप. तिकडची शाळांची सुट्टी बऱ्याच ठिकाणी जूनपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारापर्यंत चालते, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीहून बरीच मोठी. आपले लोक बाहेर आणि बाहेरचे लोक आत, असा हा अडीच महिन्यांचा हंगाम. त्यातले वाद दीडशे वर्षांपासून एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत: या इमारतीत बसायचं कुणी?

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. ज्याने बाकाचं भाडं भरलं, तो बसेल. पुढचं बाक महाग, मागचं स्वस्त, गरिबाला कोपरा किंवा गॅलरी. पाळकांचा पगार आणि इमारतीचा खर्च बराचसा याच भाड्यातून निघे. उन्हाळ्यात भाडेकरू न्यूपोर्ट, बार हार्बरसारख्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या ठिकाणी निघून जात, तिथे त्यांच्यासाठी फक्त जुलै-ऑगस्टमध्ये उघडणारी लाकडी चॅपेल बांधली गेली, आणि शहरातली काही श्रीमंत देवळं तेवढे महिने चक्क कुलूपबंद राहत. त्याच महिन्यांत न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतींतली मुलं उकाड्याने आजारी पडत. 1877 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका खेड्यातल्या पाळकाने अशा काही मुलांना आपल्या गावातल्या घरांत पाहुणे म्हणून नेलं, आणि गरीब मुलांना ‘मोकळ्या हवेत’ पाठवण्याची चळवळ तिथून वाढली. तो पाळक एपिस्कोपल नव्हता. हे मुद्दाम सांगायचं, कारण उन्हाळी उपक्रमांतलं बरंचसं या मंडळींनी शेजाऱ्यांकडून उचललेलं आहे.

सुट्टीच्या बायबल शाळेचंही तेच. 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला एका डॉक्टरांच्या बायकोने, त्या बाप्टिस्ट मंडळीतल्या, रस्त्यावर उंडारणाऱ्या मुलांसाठी रोज भरणारी बायबल शाळा काढली. जागा मिळेना म्हणून त्यांनी बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला. दिवसा तो रिकामाच असायचा! 1901 मध्ये तिथल्या बाप्टिस्ट मिशनने ही कल्पना उचलून पाच शाळा सुरू केल्या आणि काही वर्षांतच ती देशभर गेली. इलिनॉयवाले सांगतात की आमच्याकडे 1894 मध्येच अशी शाळा भरली होती. या वादात पडण्यात अर्थ नाही. एपिस्कोपल पॅरिशनी त्यात आपली प्रार्थनापद्धती घातली, एवढंच.

त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एक पाऊल मात्र 1883 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंट स्क्वेअरवर पडलं. भोवतालची वस्ती बदलली होती, जुनी श्रीमंत कुटुंबं उत्तरेकडे सरकली होती, देऊळ ओस पडत होतं. बोलावलेल्या नव्या रेक्टरने अटी घातल्या: सगळी बाकं मोफत, जुन्या समित्या बरखास्त, आणि कामासाठी तीन वर्षं दरवर्षी 10 हजार डॉलर. व्हेस्ट्रीतला, म्हणजे पॅरिशच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळातला, बडा सावकार, ज्याच्या नावाची बँक आजही आहे, एका शब्दात ‘ठरलं’ म्हणाला. मग मुलांचे क्लब, धंदेशिक्षण, उन्हाळ्यात समुद्रकाठच्या सहली आणि या सगळ्यासाठी वेगळं पॅरिश हाउस अशी मालिकाच लागली. आज हॉलमध्ये जे काही चालतं त्याचा नमुना तिथला. पुढे याच दोघांचं व्हेस्ट्रीवरून वाजलं. रेक्टरला तिच्यात कष्टकऱ्यांचीही माणसं हवी होती, सावकाराला ती आपल्यासारख्यांची आटोपशीर बैठकच राहायला हवी होती. बाक मोफत करणं त्याला चाललं, खुर्ची देणं जड गेलं. मतदानात हरल्यावर त्याने राजीनामा पुढे केला, रेक्टरने तो घेतला नाही, आणि दोघे पुन्हा शेजारी बसू लागले.

मधल्या काळावरून भरभर पुढे जाऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धर्मप्रांतांनी (एकेका बिशपच्या हाताखालचे अनेक पॅरिशचे गट) डोंगरात, तळ्याकाठी मुलांची शिबिरं उभारली. 1960च्या दशकात एपिस्कोपल चर्चची सभासदसंख्या 34 लाखांवर गेली आणि तीच कमाल ठरली. 1967च्या उन्हाळ्यात डेट्रॉइट, न्यूअर्क ही शहरं वांशिक दंगलींनी पेटल्यानंतर त्याच सप्टेंबरात सिअॅटलला भरलेल्या चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनाने तीन वर्षांसाठी सुमारे 90 लाख डॉलर बाजूला काढले आणि ते शहरांतल्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय संघटनांच्या हाती थेट द्यायचं ठरवलं. चर्चने वाटायचं नाही, त्यांनी ठरवायचं. स्थानिक बिशपची संमती लागणार की नाही यावरून कडाक्याची भांडणं झाली, नाराज धर्मप्रांतांनी वर्गणी रोखली, आणि 1973पर्यंत योजना गुंडाळली गेली. त्यानंतर ‘समाजाकडे जाणं’ हे काम केंद्राकडून पुन्हा गावपातळीवर, पॅरिशच्या स्वयंपाकघरात आलं.

स्वयंपाकघर कुठवर जाऊ शकतं हे न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या पॅरिशने दाखवलं. ऑक्टोबर 1982 मध्ये तिथे मोफत जेवण सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी पस्तीसेक माणसं आली. काही वर्षांत रोजचा आकडा हजाराच्या घरात गेला. एप्रिल 1990 मध्ये छत जळालं, तरी दुसऱ्या दिवशीचं जेवण चुकलं नाही. दुरुस्ती होऊन 1994 मध्ये देऊळ उघडलं तेव्हा मंडळीने ठरवलं की जमिनीला जखडलेली बाकं परत बसवायचीच नाहीत. त्यानंतर आठवड्याच्या दिवशी वेदीसमोरच्या त्याच मोकळ्या जागेत गोल टेबलं मांडून पंगत बसू लागली आणि रविवारी तिथेच खुर्च्या लावून उपासना होऊ लागली.

आता उन्हाळ्याच्या जेवणाकडे. शाळा बंद झाली की शाळेतलं फुकट जेवणही बंद होतं. ही पोकळी भरायला सरकारने 1968 मध्ये प्रायोगिक आणि 1975 पासून स्वतंत्र उन्हाळी भोजन योजना आणली. पैसे सरकारचे, जागा आणि हात स्थानिक संस्थांचे. परिसरातली निम्मी मुलं सवलतीच्या जेवणाला पात्र असली की तिथे खुलं केंद्र चालवता येतं, आणि अठरा वर्षांपर्यंतचं कुठलंही मूल येऊन जेवू शकतं. नाव-गाव विचारायचं नाही, जेवणाआधी प्रार्थनेची सक्ती करायची नाही. बायबल शाळा आणि हे जेवण एकाच हॉलमध्ये असेल तर शाळेला न आलेल्या मुलालाही ताट द्यावंच लागतं. मुलाबरोबर आलेल्या आईला मात्र या पैशांतून घास मिळत नाही. तिच्यासाठी सँडविचं करायची तर ती पॅरिशने आपल्या खिशातून.

यातला सर्वांत छळणारा नियम म्हणजे जेवण तिथेच बसून संपवायचं. पेटी घेऊन घरी जायचं नाही. फार तर एखादं फळ हातात न्यावं. म्हणून अशा हॉलमध्ये दारापाशी एक ‘शेअर टेबल’ असतं. नको असलेलं दुधाचं न उघडलेलं खोकं, न सोललेलं संत्रं मुलं तिथे ठेवतात आणि ज्याला भूक उरली आहे तो उचलतो. नियम करणाऱ्यांचा हेतू असा की अन्न मुलाच्याच पोटात जावं. पण जिथे बस नाही, आई-बाप दिवसभर कामावर आहेत, तिथलं मूल बारा मैलांवर रोज येणार कसं? 2020च्या साथीत ही अट सैल झाली, पालक आठवड्याची पाकिटं घेऊन जाऊ लागले, आणि इतकी वर्षं अशक्य म्हटलेली गोष्ट काही आठवड्यांत जमली. डिसेंबर 2022च्या कायद्याने ती सवलत ग्रामीण भागापुरती कायम झाली. 2024 पासून पात्र मुलामागे महिना 40 डॉलर कार्डावर देण्याची योजनाही आली, जी काही राज्यांनी पहिल्याच वर्षी नाकारली.

या सगळ्यात ज्या निर्णयाने एपिस्कोपल पॅरिशचं नाव देशभर झालं तो मुलांच्या जेवणाचा नव्हता. ओरेगनच्या दक्षिण टोकाला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीलगत ब्रुकिंग्ज नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, वस्ती सुमारे सात हजार. तिथलं पॅरिश 2009 पासून गरजूंना जेवण देत होतं. गावातल्या चर्चांनी वार वाटून घेतले होते. साथीत बाकीची स्वयंपाकघरं थांबली, आणि या एका पॅरिशवर आठवड्याचे बहुतेक दिवस पडले. आवारात गाडीतच झोपणाऱ्यांनाही जागा दिली गेली. 2021 मध्ये शेजाऱ्यांनी अर्ज केला: कचरा, भांडणं, अनोळखी माणसं. तक्रारी सगळ्याच खोट्या होत्या असं म्हणता येणार नाही. पण नगरपालिकेने काढलेला उपाय बघण्यासारखा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये तिने ‘परोपकारी भोजनसेवा’ असा प्रकार ठरवून निवासी भागात त्यासाठी परवाना सक्तीचा केला, आणि परवान्यात आठवड्याचे दोनच दिवस.

पालिकेचं म्हणणं चतुर होतं. निवासी भागात उपाहारगृहाला मुळातच परवानगी नाही, मग चर्चची जेवणंही आजवर नियमाबाहेरच होती. आम्ही बंदी घालत नाही, उलट दोन दिवस देतो आहोत! पॅरिशने परवाना मागायलाच नकार दिला. भुकेल्याला जेवू घालणं ही आमची उपासनाच आहे, तिला वार कोण ठरवणार, असा त्यांचा युक्तिवाद. जानेवारी 2022 मध्ये पॅरिश आणि धर्मप्रांताने मिळून फेडरल न्यायालयात दावा लावला. आधार 2000 सालच्या कायद्याचा: जमीनवापराचे नियम करून धर्माचरणावर मोठा भार टाकायचा असेल, तर सरकारकडे अत्यंत सबळ कारण हवं आणि त्याहून सौम्य मार्ग नसावा. केंद्राच्या न्यायखात्यानेही पॅरिशच्या बाजूने निवेदन दिलं. खटला चालू असतानाच पालिकेने अंघोळीची सोय, दवाखाना अशा सेवांवरही नोटीस काढली. मार्च 2024 मध्ये निकाल पॅरिशच्या बाजूने लागला.

मला या खटल्यात सर्वांत बोलका वाटतो तो दोन दिवसांचा आकडा. दोनच का? कचऱ्याचा प्रश्न असेल तर कचऱ्याचा नियम करता येतो, भांडणांसाठी पोलीस आहेत. वार मोजण्याने फक्त माणसं कमी होतात. 1883पूर्वीच्या बाकभाड्याला निदान स्वतःला भाडं म्हणायची लाज नव्हती.

पॅरिशच्या आतही हिशेब सरळ नाही. प्रत्येक पॅरिश दरवर्षी धर्मप्रांताला अहवाल देतं आणि त्यातला सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारा आकडा म्हणजे रविवारची सरासरी उपस्थिती. जुलैच्या रिकाम्या रविवारांनी तो खाली येतो, आणि मंगळवारी हॉलमध्ये जेवलेली साठ मुलं त्यात धरली जात नाहीत. एकूण सभासद 2022 मध्ये 16 लाखांच्या खाली आल्यावर या आकड्याची धास्ती आणखी वाढली. मग व्हेस्ट्रीच्या बैठकीत दरवर्षी कुणीतरी विचारतं, या मुलांपैकी किती जण रविवारी येतात? फार थोडे. स्टायव्हसंट स्क्वेअरचा सावकारही बहुधा हेच विचारत असावा.

हात कमी पडतात ही दुसरी अडचण. मुलांबरोबर कायम दोन प्रौढ, तेही एकमेकांच्या नात्यातले नसलेले, आणि प्रत्येकाची पूर्वतपासणी झालेली, असे नियम गेल्या वीस वर्षांत कडक झाले आणि ते योग्यच आहेत. पण सत्तरीच्या स्वयंसेवकांवर चालणाऱ्या पॅरिशला सलग आठ आठवडे दुपारी एवढी माणसं उभी करणं झेपत नाही. म्हणून अलीकडे शेजारची लुथरन, मेथडिस्ट मंडळी मिळून एकच बायबल शाळा आठवडाभर भरवतात आणि जेवणाचे वार वाटून घेतात. ब्रुकिंग्जमध्ये साथीपूर्वी होती तीच पद्धत. घरी पाकिटं नेण्याची ग्रामीण सवलत शहरातल्या पॅरिशला लागू नाही, त्यामुळे तिथे टेबलं मांडावीच लागतात, आणि ती कोण मांडणार याची यादी वसंतातच व्हेस्ट्रीपुढे येते.