नागपूर नक्की कशाच्या मध्यावर आहे?

‘नागपूरचा झिरो माइल म्हणजे भारताचा मध्यबिंदू’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. आता त्याला नवं शेपूटही फुटलंय: मध्यबिंदूवर म्हणे खास ‘ऊर्जा’ असते, म्हणून त्या जागेला वेगळं महत्त्व! असले मेसेज पुढे ढकलण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. मध्य, पण कशाचा?

देशाचा नकाशा पुठ्ठ्यावर कापून बोटावर तोलला, तर तो जिथे तोलला जाईल तो त्याचा मध्य. म्हणजे सीमा बदलली की मध्य हलणार. झिरो माइलच्या दगडावर १९०७ हे साल आहे, आणि त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सिंध, बलुचिस्तानच काय, ब्रह्मदेशही होता. आजच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यात, करौंदी गावाजवळ सांगितला जातो. झिरो माइलचा तो दगड मुळात सर्वेक्षण खात्याची उंचीची खूण आहे. समुद्रसपाटीपासून साधारण १०२० फूट, हे तो सांगतो. त्यात ऊर्जा वगैरे काही नाही.

पण शेजारचा खांब जवळ जाऊन वाचावा असा आहे. त्याच्या पायथ्याशी गावांची नावं आणि मैल कोरलेत: जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, हैदराबाद. मुंबई त्यात नाही.

भूगोलातला माझा सगळ्यात आवडता विचार इथे हाती लागतो. अक्षांश-रेखांशाने सांगितलेली जागा म्हणजे निरपेक्ष स्थान. नागपूर २१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व. ते बदलत नाही. बाकीच्या गावांच्या, रस्त्यांच्या, बाजारांच्या संदर्भात ती जागा कुठे पडते, ते सापेक्ष स्थान. ते सतत बदलतं, आणि गावाचं नशीब बहुतेक वेळा त्यावरच ठरतं.

१९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून टपालाची विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यायची, धावपट्टीलगत थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मधे एक ठाणं धरलं की चारच पुरतात. शहरं दहा असतील तर थेट मार्ग पंचेचाळीस होतात, ठाण्यामार्गे दहा. आज कुरिअर कंपन्या याच हिशोबावर चालतात.

मग ठाणं नेमकं कुठे असावं? चारही शहरांपासूनच्या अंतरांची बेरीज कमीत कमी हवी. याचं उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. नकाशावर दिल्ली-चेन्नई रेघ ओढा, मग मुंबई-कोलकाता. दोन्ही कर्ण जिथे छेदतात तोच बिंदू. का? दुसरा कुठलाही बिंदू ‘क’ घ्या. दिल्ली ते क अधिक क ते चेन्नई हे अंतर दिल्ली-चेन्नई सरळ रेघेपेक्षा कमी असूच शकत नाही, कारण त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते. मुंबई-कोलकात्याचंही तसंच. दोन्ही बेरजा एकाच वेळी किमान व्हायच्या तर ‘क’ दोन्ही रेघांवर हवा, आणि तसा बिंदू एकच, छेदनबिंदू.

पट्टी घेऊन करून बघा. रेघा छेदतात वर्धा-हिंगणघाटच्या परिसरात! नागपूर तिथून साठ-सत्तर किलोमीटरवर. मग विमानतळ हिंगणघाटला का नको? कारण किमान बिंदूच्या आसपास बेरीज फार हळू वाढते. नागपूर धरलं तर एकूण अंतरात एका टक्क्याचाही फरक पडत नाही, आणि धावपट्टी, रेल्वे, माणसं तिथे आधीच होती. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे लोहमार्गही वर्धा-नागपूर याच टापूत एकत्र येतात.

म्हणजे नागपूर ‘मध्य’ आहे ते या चार शहरांच्या हिशोबात, आणि ताशी साधारण तीनशे किलोमीटरने उडणाऱ्या ‘डाकोटा’ या जुन्या पंख्याच्या विमानांच्या काळात. जेट विमान दिल्लीहून चेन्नईला अडीच-पावणेतीन तासांत थेट जातं, मग वाटेत थांबायचं कशाला? ‘नागपूर मध्यावर आहे म्हणजे सगळी मालवाहतूक आपोआप इथे येणार’ असं जाहिरातीच्या सुरात सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

राजकीय सीमांचंही तेच. मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी असताना नागपूरला चहूबाजूंनी माणसं येत. खांबावरची नावं त्याच काळाची. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आलं, आणि एक इंचही न हलता राज्याच्या पूर्व टोकाला जाऊन बसलं. हिवाळी अधिवेशन हा त्या बदललेल्या स्थानावरचा उतारा आहे.

आता ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. किलोमीटर फारसे घटले नाहीत, तास घटले. भूगोलात याला वेळेचं अंतर म्हणतात, आणि ते सगळ्यांचं सारखं नसतं. गाडी आणि टोलचे पैसे असणाऱ्याला मुंबई जवळ आली, रात्रीच्या रेल्वेने जाणाऱ्याला ती होती तिथेच आहे. त्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला की तालुक्याचा संपर्क तुटतो. तेव्हा पलीकडच्या आजारी माणसासाठी दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये सांगून काही उपयोग नसतो. तिथल्या आरोग्य केंद्रांचे नकाशे पावसाळ्यातल्या तासांवर आखायला हवेत.