भाकरी थापणारा हात आणि करंटचं मशीन

भाकरी थापायला मूठ उघडावी लागते. मनगट मागे वळतं, बोटं ताठ होतात आणि तळवा पिठाच्या गोळ्यावर पडतो. अर्धांगवायूनंतर पुष्कळदा नेमकी हीच हालचाल हरवते. मूठ मिटलेलीच राहते, बोटं आत वळतात.

सोलापूरच्या पूर्व भागात आयुष्यभर विड्या वळलेल्या एखाद्या मावशीला फिजिओथेरपिस्ट म्हणतो, "हाताला करंट लावू." मावशी घाबरतात, शॉक बसेल म्हणून. मुंग्या येतात, हे खरं. पण हा घरातल्या बोर्डाचा करंट नव्हे. सेकंदाला साधारण 20 ते 50 बारीक ठोके, त्यातला एकेक ठोका सेकंदाच्या काही दहा-हजारांश भागाचा. कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला मशीनला जोडलेल्या दोन पट्ट्या चिकटवतात. मशीन सुरू झालं की मनगट उचलतं, बोटं उघडतात.

यंत्रमागवाल्याला हे पटकन कळेल. माग शाबूत, मोटर शाबूत, फक्त वरून येणारी वायर जळालेली. स्ट्रोकमध्ये, म्हणजे अर्धांगवायूच्या झटक्यात, बिघाड मेंदूत असतो. मणक्यापासून स्नायूपर्यंतची नस सहसा धड असते. करंट तिलाच जागं करतो, कारण नस स्नायूपेक्षा फार कमी विजेत चेतते. इटलीच्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने 1791 साली बेडकाच्या पायावरचे विजेचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि 1961 मध्ये लिबरसन या डॉक्टरने चालताना घसटणारं पाऊल याच युक्तीने उचलून दाखवलं.

एक अडचण आहे. आपण स्वतः हात हलवतो तेव्हा स्नायूतले चिवट, सहज न थकणारे तंतू आधी कामाला लागतात. बाहेरून दिलेला करंट मात्र मोठ्या, लवकर दमणाऱ्या तंतूंनाही पहिल्याच फटक्यात जुंपतो. म्हणून मध्ये मध्ये विश्रांती द्यावी लागते. करंट वाढवला की गुण लवकर येतो, हा निव्वळ गैरसमज.

पण त्याहून मोठा गैरसमज, पट्ट्या लावून टीव्ही बघत बसायचं. शेक घेतल्यासारखं! अशाने स्नायू आकसतो, सैल पडतो, पण मेंदूच्या हाती फारसं लागत नाही. पट्टीचा ठोका पडतो त्याच क्षणी "मी बोटं उघडतेय" असा जोर आतून लावला, तर हुकूम आणि हालचाल यांची पुन्हा जोडी जुळायची शक्यता वाढते. काही मशीन म्हणूनच रुग्णाच्या क्षीण प्रयत्नाची चाहूल लागेपर्यंत थांबतात आणि मगच करंट सोडतात. सोबत खऱ्या वस्तू हव्यात: पेला धरायचा, सोडायचा, घडी केलेला टॉवेल टेबलावर पुढे ढकलायचा. भाकरीची पाळी बरीच नंतर येते, आणि प्रत्येकाची येतेच असं नाही.

लोंबणाऱ्या हाताच्या वजनाने खांदा सांध्यातून खाली सरकतो, तिथेही या पट्ट्या वापरतात. मात्र पेसमेकर असेल, फिट येत असतील, गर्भारपण असेल किंवा त्या जागी जखम असेल, तर पट्टी लावायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं. गळ्याच्या पुढच्या बाजूला तर ती लावायचीच नाही.