भोकं दोन, वाचक किती?

भाच्याने दिवाळीच्या बोनसमधून दुसरा मॉनिटर घेतला. लॅपटॉपला मॉनिटर जोडायचं एचडीएमआयचं भोक एकच, म्हणून पठ्ठ्याने इंदूरच्या जेल रोडवरून स्प्लिटर आणला. एक तोंड लॅपटॉपला, दोन तोंडं दोन मॉनिटरना. दोन्ही उजळले आणि दोन्हींवर तेच चित्र! डावीकडे ईमेल, उजवीकडेही तोच ईमेल. "मामा, बघ ना, सेटिंगमध्ये काही आहे का?" असं मला रामबागेत बोलावणं आलं. पोहे झाले (इंदुरात शेव-जिरावण घातलेल्या पोह्यांशिवाय कुठलंच काम पुढे सरकत नाही), पण सेटिंगमध्ये काही नव्हतं. असणारही नव्हतं.

पडद्यावरचं चित्र आधी लॅपटॉपच्या मेमरीत तयार होतं. तिथून ते ठिपका-ठिपका वाचून वायरीत सोडायचं काम ग्राफिक्स चिपमधला एक वेगळा भाग करतो. तांत्रिक भाषेत त्याला 'पाइप' म्हणतात, मी त्याला पोथीवाचक म्हणतो. वरच्या ओळीपासून खालपर्यंत वाचायचं आणि पुन्हा सुरुवात, सेकंदाला ६० पारायणं. दोन पडद्यांवर वेगळी चित्रं हवीत तर वाचकही दोन हवेत, आणि ते चिप घडवतानाच मोजून बसवलेले असतात. स्प्लिटर म्हणजे मंडपाबाहेर लावलेला दुसरा भोंगा. वाचक एक, अध्याय एक, फक्त ऐकू दोन ठिकाणी येतो.

इंटेलच्या लॅपटॉप चिपांत पूर्वी असे दोनच पडदे एका वेळी चालत. २०१२ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत ते तीन झाले, अकराव्या पिढीत चार. लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही यातला एक वाचक अडवून बसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ॲपलच्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरला टाइप-सीची भोकं दोन, पण बाहेरचा मॉनिटर चालतो एकच. एम३च्या एअरला दोन चालतात, तेही झाकण मिटलं तरच. आतला पडदा विझला की त्याचा वाचक बाहेरच्या कामाला मिळतो.

भाच्याच्या चिपमध्ये वाचक पुरेसे होते. स्प्लिटर काढून त्याने टाइप-सीचा हब (एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी) आणला आणि नवा मॉनिटर त्याला लावला, जुना लॅपटॉपच्या एचडीएमआयला. या वेळी चित्रं वेगळी आली, पण नव्या फोर-के मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत चालायला लागला. सेटिंगमध्ये पाहिलं तर ३० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ३० पारायणं, निम्मी.

इथे थोडा हिशेब करू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. झाले साधारण ३ अब्ज बिट. फोर-केमध्ये ठिपके चौपट, म्हणजे १२ अब्ज. एचडीएमआय १.४ या जुन्या जातीच्या वायरीतून चित्रासाठी जेमतेम ८ अब्ज जातात. त्यामुळे तिथे फोर-के ३० हर्ट्झवरच थांबतं.

पण टाइप-सीचं भोक तर नवं, मग तिथे काय अडलं?

इंदूरचा सराफा बाजार आठवा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. जागा तीच, धंदा वेगळा. टाइप-सीमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. एरवी त्यांतून यूएसबीचा डेटा धावतो, पण लॅपटॉप आणि मॉनिटर यांचं आपसात ठरलं की त्याच तारांतून डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखीच चित्र नेण्याची दुसरी पद्धत) चित्र जातं. हबला मात्र सोनारही हवा असतो आणि खाऊवालाही. पेन ड्राइव्हसाठी यूएसबी ३चा वेग राखायचा म्हणून तो दोन जोड्या डेटाला देतो, दोन चित्राला. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एका जोडीतून ४.३२ अब्ज बिट जातात, म्हणजे दोन जोड्यांतून ८.६४ अब्ज. १२ अब्ज त्यात मावणार कुठून? सगळ्याच टाइप-सी भोकांत चित्र येतं असंही नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये ते बरेचदा फक्त चार्जिंग आणि डेटापुरतं असतं. विकत घेण्याआधी मॉडेलचा तपशील वाचावा, दुकानदाराच्या "चालेल हो"वर जाऊ नये.

भोकं आणि वाचक दोन्ही कमी पडले तर डिस्प्लेलिंकचा डॉक (यूएसबीला लावायची डबी) हा एक आडमार्ग आहे. त्यात प्रोसेसर चित्र दाबून लहान करतो, साध्या यूएसबीतून पाठवतो आणि डॉकमधली चिप ते उलगडून मॉनिटरला वाचून दाखवते. वर्ड-एक्सेलला ठीक आहे, गेम खेळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आम्हाला त्याची गरज पडली नाही. फोर-के मॉनिटर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशा सरळ वायरीने जोडला, चारही जोड्या चित्राला. १७.२८ अब्जांच्या वाटेत १२ अब्ज ऐसपैस बसले. जुना फुल एचडी मॉनिटर लॅपटॉपच्या एचडीएमआयलाच राहिला. विंडोजचं बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलं, आणि बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर सुळकन गेला.

स्प्लिटर ताईने मागून घेतला. आता सेट-टॉप बॉक्सवरची एकच मालिका बैठकीतल्या टीव्हीवरही दिसते आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवरही.