सूर्यचूल

सूर्यचूल : इंधन न जाळता उन्हाच्या उष्णतेवर अन्न शिजवण्याचे साधन. सोलर कुकर किंवा सौर कुकर या नावांनीही ओळखले जाते. निरभ्र दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट सौरऊर्जा पडते. घरगुती चुलीचे तोंड एका चौरस मीटरहून बरेच लहान असते आणि आत आलेली उष्णता निसटायला टपलेलीच असते. म्हणून ती कोंडून ठेवणे हे चुलीचे अर्धे काम होय.

सर्वांत साधा प्रकार पेटीचा. उष्णतारोधक भिंतींच्या पेटीला वर एकेरी किंवा दुहेरी काच, आत काळा पत्रा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा असतो. काळा पृष्ठभाग ऊन शोषून तापतो. काच तापलेली हवा वर निघून जाऊ देत नाही आणि भांड्यांतून बाहेर पडणारे अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहणारे) किरणही अडवते. चांगल्या उन्हात पेटीत १०० ते १४० अंश सेल्सियस तापमान मिळते. शिजण्याची क्रिया ८०–९० अंशांनाही चालू राहते, त्यामुळे पदार्थ रटरटताना दिसला नाही तरी शिजत असतो. तांदूळ, कडधान्ये, कंद, मांस यांना दोन ते चार तास लागतात. भांडे पातळ पत्र्याचे, बाहेरून काळे आणि झाकणाचे हवे. चकचकीत भांडे ऊन परतवून लावते. पाणी नेहमीपेक्षा कमी घालावे. उष्णता चहूबाजूंनी मिळत असल्याने तळ लागत नाही, ढवळावेही लागत नाही. मात्र दर वेळी झाकण उघडले की साठलेली उष्णता जाते. ‘झाले का’ बघण्याची सवय इथे महागात पडते.

तळण्यासाठी किंवा परतण्यासाठी अन्वस्ताकार (पॅराबोलिक), म्हणजे खोलगट आरशाची तबकडी लागते. तिच्या नाभीशी, म्हणजे परावर्तित किरण एकवटतात त्या बिंदूशी, ठेवलेले भांडे २०० अंशांपलीकडे तापते, पण तबकडी दर १५–२० मिनिटांनी सूर्याकडे वळवावी लागते. नाभीजवळचा झोत डोळ्यांना आणि हातांना धोकादायक असल्यामुळे काळा चष्मा आणि हातमोजे वापरणे आवश्यक. पुठ्ठ्यावर चकाकता कागद चिकटवून केलेली घडीची चूल सर्वांत स्वस्त. तिच्यात भांडे उष्णता सहन करणाऱ्या पारदर्शक पिशवीत ठेवतात. निर्वात नळीच्या (दोन काचांमधली हवा काढून टाकलेल्या नळीच्या) चुलीत उष्णता फारच कमी निसटते, त्यामुळे ती थंड हवेतही चालते.

उष्ण पेटीचे शास्त्रीय प्रयोग स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७६७ मध्ये सुरू केले. एकात एक बसवलेल्या काचेच्या पेट्यांत त्याने फळे शिजवली. पुढे सुधारलेली पेटी डोंगरावर आणि पायथ्याशी, दोन्हीकडे, उन्हात ठेवून पाहता आतले तापमान जवळजवळ सारखेच भरले. बाहेरची थंडी हा मोठा अडथळा नाही, हे त्यातून दिसले. १८३० च्या दशकात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने दक्षिण आफ्रिकेतील केप ऑफ गुड होप येथे अशाच पेटीत अंडी व मांस शिजवले. फ्रान्समध्ये संशोधक ऑगस्तँ मुशो याने आरशांच्या साहाय्याने सौर चुली आणि सौर इंजिने केली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या यंत्राने बर्फही तयार करून दाखवला. त्याच दशकात मुंबईत विल्यम ॲडम्सने आठ बाजूंच्या आरशांची चूल बनवून सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजवले. पुढे विसाव्या शतकात संशोधक वुल्फगांग शेफलर यांनी केलेल्या परावर्तकात नाभी एका जागी स्थिर राहते आणि तबकडी घड्याळासारख्या यंत्रणेने सूर्यामागे फिरते. त्यामुळे छपराखालच्या मोठ्या स्वयंपाकघरात ऊन आणता आले.

पाणी ६५ अंशांवर काही मिनिटे राहिले की त्यातील बहुतेक रोगजंतू मरतात, म्हणून पिण्याचे पाणी निर्जंतुक करायलाही ही चूल उपयोगी पडते. शिजवताना ऊन मध्येच गेले, तर मात्र अर्धवट गरम अन्न तसेच ठेवू नये. ६० अंशांखाली जंतू झपाट्याने वाढू शकतात. असे अन्न लगेच दुसऱ्या चुलीवर पूर्ण शिजवावे.

ढगाळ दिवस आणि सूर्यास्तानंतरचे जेवण या दोन कारणांमुळे सूर्यचूल बहुतेक ठिकाणी जोडचूल म्हणूनच टिकते. दुपारी शिजलेले भांडे उष्णतारोधक पेटीत ठेवून संध्याकाळपर्यंत गरम राखणे हा त्यावरचा सोपा उपाय. वितळताना उष्णता साठवून गोठताना ती परत देणारे पदार्थ बसवलेल्या चुलीही तयार झाल्या आहेत. पण त्या जड, आणि पुठ्ठ्याच्या चुलीइतक्या स्वस्त नाहीत.