चकमकीची बंदूक आणि हरणाची शिकार : पेनसिल्व्हेनियात परवाना कोणाला, कागद कोणते

नाताळ उलटला की पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात काही माणसं अडीचशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने हरणाच्या मागे निघतात. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, चिंधीत धरलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, कानाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकापाशी, चिमूटभर रंजक (पेट देणारी बारीक दारू) घालायची आणि चाप ओढायचा. चकमकीची ठिणगी नीट पडली तर बार उडतो. नाही पडली तर हरीण आपल्याकडे बघतं, आपण हरणाकडे. राज्याच्या गेम कमिशनने (शिकार आणि वन्यप्राणी सांभाळणाऱ्या खात्याने) हा चकमकीच्या बंदुकीचा खास हंगाम १९७४ साली सुरू केला. ते या राज्याला शोभतंही. लांब नळीची ती प्रसिद्ध अमेरिकन रायफल अठराव्या शतकात इथेच, लँकेस्टरच्या आसपासच्या जर्मन कारागिरांच्या हातून घडली.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘दुकानदार म्हणाला या बंदुकीला काही कागद लागत नाही. खरं का?’ खरं आहे, पण अर्धंच. बंदूक घरात ठेवणं ही एक बाब आणि तिने हरीण मारणं ही दुसरी. दोन्हींचे कायदे वेगळे, आणि घोटाळा होतो तो इथेच.

कायद्याच्या लेखी ही बंदूक आहे का?

१९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्याने ‘अँटिक’ शस्त्रं बंदुकीच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. १८९८ साली किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक ठरतं. पण कालच कारखान्यातून आलेली नवी कोरी बंदूकही त्यात बसू शकते. ती तोंडाकडून भरायची असावी, काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणारी असावी आणि तिच्यात तयार काडतूस घालताच येऊ नये, एवढ्या अटी आहेत. म्हणून ‘जुन्या धाटणीची’ नक्कल विकत घेताना साध्या रायफलीला लागणारा केंद्राचा फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी लागत नाही.

यात एक मेख आहे. काही आधुनिक ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून भरायच्या, बंदुकांची नळी काढून काडतुसाची नळी बसवता येते. नळी, बोल्ट किंवा नळीमागचा ठोकळा बदलून सहज काडतुसावर आणता येणारी बंदूक अँटिक नाही. मूळ काडतुसाच्या सांगाड्यावर बेतलेलीही नाही. दिसायला ठासणीची असली तरी ती रायफलच, आणि तिला सगळे कागद लागतात. दुकानात पहिल्यांदा विचारायचं ते हेच.

दुसरी मेख राज्याची. पेनसिल्व्हेनियाचा कायदाही अँटिक आणि नकला बऱ्याच तरतुदींतून सोडतो, पण दोन ठिकाणी सोडत नाही. ती लपवून बाळगणं आणि ज्यांना गुन्ह्यामुळे शस्त्रबंदी आहे त्यांनी वापरण्याजोगी अँटिक बाळगणं, दोन्ही चालत नाही. जुनी शिक्षा पाठीशी असेल तर दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबू नका, आधी वकील गाठा.

व्हिसावर असलेल्यांसाठी

ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला मात्र केंद्रीय कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगू देत नाही. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. ठासणीची खरी अँटिक मुळात व्याख्येबाहेर असल्याने ही बंदी तिला लागत नाही. तरीही माझा सल्ला असा : आधी शिकार परवाना काढा, मग बंदूक घ्या. शिकारीला तो लागणारच आहे. शिवाय उद्या तुमची बंदूक व्याख्येत बसते की नाही असा वाद निघालाच, तर खिशात उत्तर तयार असतं. परवान्याची मुदत संपू देऊ नका. त्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं धावतं.

परवान्यासाठी काय लागतं

वयाची अट बारा वर्षं. त्याहून लहान मुलांसाठी मोठ्यांच्या देखरेखीखालची वेगळी योजना आहे. पहिल्यांदाच परवाना काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा, म्हणजे शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा, अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. याआधी कुठल्याही राज्याचा शिकार परवाना घेतला असेल तर त्याचा पुरावा चालतो. अभ्यासक्रमात शस्त्र हाताळणी, नेम कुठे धरायचा, कायदा असं सगळं येतं. आपल्याकडच्या कित्येकांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नसते. त्यांनी ऑनलाइन न करता वर्गात बसावं. गज नळीत राहिला असता चाप ओढला तर काय होतं, हे समोर बसून ऐकलेलं बरं.

मग अर्ज. तो राज्याच्या हंटफिशपीए या ऑनलाइन यंत्रणेवर करता येतो, किंवा काउंटी खजिनदाराच्या कार्यालयात, किंवा परवाने विकणाऱ्या दुकानात. जवळ हवं ते असं : फोटो ओळखपत्र, रहिवासी दर हवा असेल तर पत्त्याचा पुरावा (पेनसिल्व्हेनियाचा ड्रायव्हिंग लायसन्स दोन्ही कामं करतो), सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र.

प्रौढ रहिवाशाला मूळ परवाना २०.९७ डॉलरला, बाहेरच्या राज्यातल्याला १०१.९७ डॉलरला. पण मूळ परवान्यावर ठासणीच्या हंगामात जाता येत नाही, आणि नवखे नेमके इथे चुकतात. त्यावर मझललोडर (ठासणीच्या बंदुकीचा) परवाना वेगळा घ्यावा लागतो, रहिवाशाला ११.९७ आणि बाहेरच्याला २१.९७ डॉलर. हे अलीकडच्या हंगामांतले दर आहेत, पैसे भरताना पडद्यावरचा आकडा बघून घ्या.

कोणत्या हंगामात कोणती बंदूक

पेनसिल्व्हेनियात ठासणीचे हंगाम दोन, आणि त्यांचे नियम एक नाहीत. ऑक्टोबरातल्या हंगामात फक्त बिनशिंगी हरीण मारता येतं. तिथे टोपीची बंदूक (चकमकीऐवजी स्फोटक टोपीने पेटणारी) चालते, आधुनिक इन-लाइन (टोपी नळीच्या थेट मागे बसणारी) चालते, दुर्बीणही चालते. विभागवार बिनशिंगी परवाना मात्र हवा. तो मर्यादित असतो आणि उन्हाळ्यातच विक्रीला येतो. दिवाळी जवळ आल्यावर आठवण झाली तर बहुतेक विभाग संपलेले असतात.

नाताळानंतर, बहुधा २६ डिसेंबरला, सुरू होऊन जानेवारीत चालणारा हंगाम खरा जुन्या धाटणीचा. ठिणगी चकमकीचीच हवी, टोपीची बंदूक बाद. एकनळी रायफल, कॅलिबर .४४ किंवा त्याहून मोठं, एका बाराला एकच गोळी. दुर्बीण नाही. म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या धाटणीची टोपीची रायफल केंद्राच्या कायद्यात निःसंशय अँटिक, पण या हंगामात तिने हरीण मारलं तर गुन्हा. अँटिक असणं आणि हंगामाला चालणं यांचा संबंध इतकाच.

एक सवलत लक्षात ठेवण्यासारखी. मूळ परवान्यासोबत मिळणारा हरणाचा टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) एरवी शिंगवाल्या नरासाठीच असतो. तो न वापरता शिल्लक राहिला असेल, तर नाताळानंतरच्या हंगामात त्यावर बिनशिंगी हरीणही घेता येतं. डिसेंबरच्या सुरुवातीला साध्या रायफलीच्या हंगामातून हात हलवत परतलेल्यांची ही शेवटची आशा.

बाकी नियम नेहमीचे. शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. लोक राहतात अशा इमारतीपासून दीडशे यार्डांच्या आत, त्यांच्या परवानगीवाचून, बार काढायचा नाही. हरीण पडल्यावर जागचं हलवण्याआधी टॅग भरून लावायचा आणि दहा दिवसांत कमिशनला कळवायचं. हरणांतल्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणाला झिजवून मारणारा) रोगाचे विभाग जाहीर झालेले असतात. तिथून मेंदू, मणका असे भाग बाहेर नेता येत नाहीत, म्हणून निघण्याआधी नकाशा पाहावा.

दारू, गाडी आणि विमान

काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक. साधारण ७५, १५ आणि १० असं प्रमाण. कायद्याने ती स्फोटक आहे, पण अँटिक शस्त्रांत खेळ, करमणूक किंवा सांस्कृतिक कामासाठी ५० पौंडांपर्यंत घ्यायला केंद्राचा स्फोटक परवाना लागत नाही. चकमकीच्या बंदुकीला पर्यायी दारूवर भागवता येत नाही, कारण ती पेटायला जास्त उष्णता लागते आणि ठिणगी वाया जाते. रंजकेला तर बारीक दाण्याची खरी काळी दारूच हवी. (बंदुकीच्या कानाशी घालायच्या दारूला ‘रंजक’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना थोडी विनोदबुद्धी असावी.)

गाडीत भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे. ठासलेली गोळी काढायची तर ती झाडावी लागते, म्हणून कायद्याने वाट काढली आहे : चकमकीच्या बंदुकीच्या पेल्यातली (कानाशेजारच्या खोलगट वाटीतली) रंजक काढून टाकली की ती रिकामी मानली जाते. गाडीचं दार उघडण्याआधी पेला पुसा. विमानात काळी दारू आणि टोप्या हातातल्या किंवा तळातल्या, कुठल्याच सामानात नेता येत नाहीत.

हद्द ओलांडताना

न्यू जर्सीतून शनिवारी गाडीने येणाऱ्या मराठी मित्रांनो, तुमच्या राज्यात अँटिकची व्याख्या फार अरुंद आहे. चालवण्याजोगी ठासणीची रायफल विकत घ्यायला तिथे फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं. पेनसिल्व्हेनियातल्या दुकानात कोणी कागद मागितला नाही म्हणून घरी न्यायला मोकळे झालात, असं समजू नका. दक्षिणेकडे मिसिसिपीत तऱ्हा उलटी. तिथल्या ‘प्रिमिटिव्ह वेपन’ हंगामात उघड्या घोड्याची एकबारी काडतुसाची रायफलही .३५ कॅलिबरपासून चालते. पण ती काडतूस खाते, म्हणून तिची नवी नक्कल केंद्राच्या कायद्यात पूर्ण बंदूकच.

आणि सुटीत ती गावी नेऊन दाखवायची हौस असेल तर ती इथेच ठेवा. कोकणात अजूनही ऐकू येणारी ठासणीची बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचीच आहे. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला, आणि तुमची तर चालते. परवान्याशिवाय ती देशात आणता येत नाही. भेकर किंवा चितळ मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून गुन्हा आहे, मग बंदूक कुठल्याही शतकातली असो.