पोपटाला चिप टोचावी का?

उडून गेलेला पोपट चिपमुळे सापडतो, असं पक्षी पाळणाऱ्या अनेकांना वाटतं. तसं काही होत नाही. मायक्रोचिपमध्ये ना बॅटरी असते ना जीपीएस. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, आत तारेचं वेटोळं आणि इवलंसं सर्किट. स्कॅनर काही सेंटिमीटरवर आणला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज तयार होते आणि चिप आपला 15 आकडी क्रमांक कळवते. एरवी ती मुकीच. समोरच्या झाडावर बसलेल्या पोपटासाठी तुमची शीळच कामाची. चिपचा उपयोग पुढे होतो: पक्षी कुणाच्या हाती लागला, त्याने तो पशुवैद्याकडे नेला आणि त्या क्रमांकापुढे तुमचा चालू फोन नंबर नोंदलेला असला तर. पोपट चोरीला जाऊन पुन्हा विक्रीला आला, तर मालकी सिद्ध करायलाही ती उपयोगी पडते.

कुत्र्याला चिप मानेच्या सैल कातडीखाली टोचतात. पक्ष्याची कातडी फार पातळ, म्हणून ती छातीच्या स्नायूत, सहसा डावीकडे बसवतात. नेहमीची चिप 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड. सुई अर्थातच त्याहून जाड. सुई काढल्यावर रक्त येऊ नये म्हणून डॉक्टर तिथे बोट दाबून धरतात, कधी टिश्यू ग्लूचा, म्हणजे जखम चिकटवणाऱ्या औषधी गोंदाचा थेंब लावतात. चारपाचशे ग्रॅमच्या आफ्रिकन ग्रे या करड्या पोपटाला हे झेपतं. बजी हा चिमुकला पोपट मात्र जेमतेम 30-40 ग्रॅमचा. 8 मिलिमीटरची छोटी चिपही मिळते, तरी बजीला मी ती टोचणार नाही. त्याला ओळख क्रमांक कोरलेली पायातली बंद कडी बरी. पिल्लू काही दिवसांचं असतानाच ती सरकवतात, पाय वाढला की निघत नाही. पण कडी पिंजऱ्याच्या तारेत अडकून पाय दुखावू शकतो, तेवढं लक्ष ठेवावं लागतं.

आफ्रिकन ग्रेचं प्रकरण वेगळं. 2017 पासून तो साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि भारतात अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तिथे पक्ष्याची पक्की ओळख हाताशी असलेली बरी. आपला देशी हिरवा पोपट पाळणं मुळातच बेकायदा. चिप टोचून तो कायदेशीर होत नाही.

टोचण्याआधी आणि टोचल्यावर, दोन्ही वेळा चिप स्कॅन करायला सांगा. ग्रेमध्ये नर-मादी दिसायला सारखेच, तेव्हा डीएनए चाचणीसाठीचं रक्तही त्याच फेरीत घेऊन टाका; पक्ष्याला पुन्हा धरण्याचा ताण वाचतो.